एका संकल्पनेला एकच नाव: सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजांत परिभाषा एकसारखी कशी ठेवावी

मराठी निबंधात तोच शब्द लागोपाठ आला की तो पुनरुक्तीचा दोष मानला जातो, आणि चांगले लिहिणाऱ्याने समानार्थी शब्द योजावेत असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका लिहिताना मात्र ही सवय आधी मोडावी लागते. तिचा वाचक ती सलग वाचत नाही. तो शोधपेटीत शब्द टाकून मधल्याच एखाद्या पानावर उतरतो, आणि तिथे ‘वर्कस्पेस’, पुढच्या परिच्छेदात ‘प्रोजेक्ट’ व त्याखालच्या चित्रात ‘स्पेस’ असे दिसले तर या तीन वेगळ्या वस्तू आहेत असेच तो समजतो. त्याचे ते समजणे रास्तच असते, कारण याच दस्तऐवजांत इतरत्र दोन शब्दांमधला बारीक फरक खरोखरच महत्त्वाचा ठरतो. येथील विवेचन इंग्रजीत मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांना आणि त्या मराठीत आणणाऱ्यांना, दोघांनाही उद्देशून आहे. मराठीच्या खास अडचणी शेवटी घेतल्या आहेत.

गिटचे उदाहरण

नावांचा गोंधळ कसा साचत जातो हे पाहायचे असेल तर गिट या साधनाइतके (ते सॉफ्टवेअरच्या कोडमधील बदलांचा इतिहास ठेवते) उघड उदाहरण दुसरे मिळणार नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिले तेव्हा, पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या पुढच्या कायमच्या नोंदीत, जाणार असलेल्या आशयाची नोंद जिथे राहते त्या जागेला सोबतच्या टिपणात ‘करंट डिरेक्टरी कॅश’ असे नाव होते. त्यानंतर ‘इंडेक्स’ हे नाव स्थिरावले, आणि आजही ती नोंद रिपॉझिटरीतल्या (प्रकल्पाच्या इतिहासाच्या भांडारातल्या) ‘इंडेक्स’ याच नावाच्या फाइलीत असते. पुढे गिट शिकवणाऱ्यांनी ‘स्टेजिंग एरिया’ हे नाव रूढ केले, कारण ती जागा कशासाठी आहे हे त्यातून कळते. नवे नाव आले म्हणून जुने गेले असे काही झाले नाही. ‘गिट डिफ’ला ‘--कॅश्ड’ हा पर्याय आहे आणि ‘--स्टेज्ड’ हे त्याचेच दुसरे नाव आहे. ‘गिट आरएम’ला ‘--कॅश्ड’ चालते पण ‘--स्टेज्ड’ चालत नाही. २०१९ मध्ये गिटच्या २.२३ आवृत्तीत आलेल्या ‘गिट रिस्टोअर’ला नेमके उलट, ‘--स्टेज्ड’ चालते आणि ‘--कॅश्ड’ नाही. ‘गिट अप्लाय’मध्ये तर ‘--कॅश्ड’ आणि ‘--इंडेक्स’ हे दोन्ही पर्याय असून त्यांचे अर्थ वेगळे आहेत: पहिला फक्त इंडेक्सवर काम करतो, दुसरा इंडेक्स आणि वर्किंग ट्री (आपल्यासमोरच्या प्रत्यक्ष फाइली) या दोहोंवर.

गिटची स्वतःची संज्ञासूची आहे आणि तीत ‘कॅश’पुढे ‘इंडेक्ससाठीचा कालबाह्य शब्द’ एवढीच नोंद आहे. म्हणजे निर्णय झालेला आहे, तो लिहूनही ठेवलेला आहे. तरीही आज्ञांतला ‘कॅश्ड’ काढता येत नाही, कारण जगभरातल्या स्क्रिप्ट त्यावर चालतात. आज्ञेत एकदा गेलेले नाव असे सहजासहजी निघत नाही, म्हणून संज्ञेचा निर्णय सॉफ्टवेअर बाहेर पडण्यापूर्वी व्हायला हवा आणि त्या बैठकीत दस्तऐवज लिहिणारा हजर असायला हवा. प्रत्यक्षात त्याला बहुधा नावे पक्की झाल्यावरच बोलावतात.

असे असताना गिटवर लिहिणाऱ्याने काय करावे? गद्यात एकच नाव निवडावे, आज्ञा आणि पर्याय जसे आहेत तसेच उतरवावेत, आणि दोहोंना जोडणारे वाक्य पहिल्या उल्लेखापाशी एकदाच द्यावे. ‘बदल स्टेज केल्यावर इंडेक्समध्ये काय आहे ते कॅश्ड पर्यायाने पाहता येते’ या वाक्यात एका वस्तूची तीन नावे आहेत आणि नवख्याला त्यांतले नाते कळण्याचा मार्ग नाही. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘फाइल स्टेजिंग एरियात घेतल्यावर तिथे काय आहे ते पाहण्यासाठी “गिट डिफ --स्टेज्ड” ही आज्ञा द्या. या जागेला इंडेक्स असेही म्हणतात, आणि जुन्या लेखांत कॅश हे नाव आढळते. “गिट डिफ --कॅश्ड” ही आज्ञाही हेच काम करते.’ त्यानंतर त्या मार्गदर्शिकेच्या गद्यात ‘इंडेक्स’ पुन्हा येऊ नये.

आधी संकल्पना मोजाव्यात, मग शब्द

बहुतेक चमू शब्दांची यादी करून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. शब्दांची यादी वर्णक्रमाने लागते, त्यामुळे एकाच गोष्टीची तीन नावे तीन दूरच्या पानांवर जातात आणि एकमेकांशेजारी कधी येतच नाहीत. यादी संकल्पनेनुसार करावी: एका ओळीत एक संकल्पना आणि तिच्यापुढे ती सध्या ज्या ज्या नावांनी वावरते ती सगळी नावे. ही नावे चार ठिकाणांहून गोळा होतात: स्क्रीनवरील मजकुराच्या फाइली, त्रुटिसंदेश, एपीआयमधील (इतर प्रोग्राम ज्यातून सॉफ्टवेअरशी बोलतात त्या जोडणीतील) नावे, आणि ग्राहकांनी मदतकक्षाला पाठवलेली पत्रे. चौथे ठिकाण सहसा वगळले जाते, पण वापरणारे त्या वस्तूला प्रत्यक्षात काय म्हणतात हे फक्त तिथेच कळते.

हे काम करताना गोंधळाचा दुसरा प्रकारही समोर येतो. पहिल्या प्रकारात एका वस्तूला अनेक नावे असतात; दुसऱ्यात एकाच नावाखाली अनेक वस्तू दडलेल्या असतात, आणि माझ्या मते हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण तो नुसत्या शोधाने सापडत नाही. गिटमध्येच ‘रिमोट ब्रँच’ म्हणताना कोणी सर्व्हरवरची ब्रँच (कामाची स्वतंत्र शाखा) म्हणत असतो, तर कोणी आपल्या संगणकावरील तिची नोंद, म्हणजे ‘ओरिजिन/मेन’सारखी रिमोट-ट्रॅकिंग ब्रँच. आता ‘रिमोट ब्रँच काढून टाका’ ही सूचना घ्या. ‘गिट पुश’ला ‘--डिलीट’ जोडले तर सर्व्हरवरची ब्रँच जाते आणि ती सगळ्यांसाठी जाते. ‘गिट ब्रँच’ला काढून टाकण्याचा आणि रिमोटचा असे दोन पर्याय एकत्र दिले तर फक्त आपल्याकडची नोंद जाते आणि सर्व्हरवर काहीच बदलत नाही. एका शब्दाच्या आळसापायी वाचक सहकाऱ्यांचे काम उडवू शकतो. ज्या संज्ञेभोवती ‘काढणे’, ‘बदलणे’, ‘पूर्ववत करणे’ अशी क्रियापदे येतात, तिची छाननी सर्वांत आधी करावी.

निवड कशी करावी

एका संकल्पनेची चार नावे समोर असताना कोणते ठेवावे, यासाठी माझा क्रम असा आहे. स्क्रीनवर जे नाव दिसते ते पहिले; ते नसेल तर एपीआयमधले; तेही नसेल तर त्या क्षेत्रात आधीपासून रूढ असलेले; आणि यांपैकी काहीच नसेल तरच स्वतः घडवलेले. स्क्रीनवरचे नाव वाईट असले तरी दस्तऐवजात परस्पर दुसरे वापरू नये. बटणावर ‘सबमिट’ आणि मार्गदर्शिकेत ‘पाठवा’ असे झाले तर वाचक न सापडणारे बटण शोधत बसतो. नाव वाईट असेल तर त्याची रीतसर त्रुटी म्हणून नोंद करावी, आणि स्क्रीन बदलली की त्याच आवृत्तीबरोबर दस्तऐवजही बदलावा.

आजूबाजूला काय आहे हेही पाहावे. वर मी गद्यासाठी ‘स्टेजिंग एरिया’ घेतले, पण ज्या कंपनीच्या दस्तऐवजांत उत्पादनपूर्व चाचणीच्या सर्व्हरला ‘स्टेजिंग’ म्हणतात, तिथे ‘स्टेजिंगवर गेलेला बदल’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. अशा ठिकाणी ‘इंडेक्स’ हे नाव कमी बोलके असूनही बरे.

निर्णय कोणी घ्यायचा हेही आधी ठरवावे. चर्चा सर्वांनी करावी, तिला मुदत असावी, आणि मुदत संपली की एका व्यक्तीने निकाल द्यावा. ती व्यक्ती नेमलेली नसेल तर प्रत्येक विभाग आपले नाव धरून बसतो आणि सूचीत ‘दोन्ही चालतील’ असा शेरा येतो, ज्याचा काहीही उपयोग नसतो.

सूचीतली नोंद

संज्ञेपुढे नुसता अर्थ लिहिला की नोंद पूर्ण होत नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ७०४ क्रमांकाच्या मानकात (त्याची सध्याची आवृत्ती २०२२ ची आहे) व्याख्येची जी रीत सांगितली आहे ती येथे उपयोगी पडते: वस्तू कोणत्या मोठ्या वर्गातली आहे ते आधी सांगावे आणि त्या वर्गातल्या इतरांपासून तिला वेगळे करणारे लक्षण नंतर. त्याप्रमाणे एक नोंद अशी होईल:

संज्ञा: स्टेजिंग एरिया.
व्याख्या: रिपॉझिटरीतील अशी नोंद, जी पुढच्या कमिटमध्ये जाणारा आशय दाखवते.
क्रियापद: स्टेजिंग एरियात घेणे.
बाद शब्द: इंडेक्स, कॅश, तात्पुरती साठवण.
अपवाद: आज्ञा, पर्याय आणि फाइलनावे मूळ रूपातच राहतील.
गल्लत करू नये: स्टॅश (अर्धवट बदल बाजूला ठेवण्याची गिटमधली सोय), स्टेजिंग सर्व्हर.
निर्णयाचे कारण: शिकाऊ वाचकाला जागेचे काम नावातूनच कळते.

यांतल्या दोन ओळी बहुतेक सूच्यांत नसतात. बाद शब्द लिहिलेले नसतील तर तपासणी करणाऱ्या साधनाला शोधायला काहीच मिळत नाही. कारण लिहिलेले नसेल तर संघात नवा माणूस आला की तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो. इंग्रजी दस्तऐवजांसाठी शब्दाची जातही नोंदवावी, कारण ‘लॉगइन’, ‘सेटअप’, ‘बॅकअप’ ही नामे इंग्रजीत जोडून लिहितात आणि त्यांचीच क्रियापदे तोडून, आणि लिहिणारे हा फरक हमखास विसरतात.

सूची लहान ठेवावी. ज्यावरून कधी गोंधळ झालेला नाही असा शब्द तिच्यात घालू नये. ‘माऊस’ची व्याख्या असलेली सूची कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही.

तपासणी यंत्राकडे द्यावी

माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडलेली सूची काही महिन्यांत मागे पडते. व्हेल हे मुक्त साधन मजकूर तपासते, आणि त्याचे नियम यामल या साध्या मजकूर-स्वरूपाच्या फाइलीत लिहिता येतात. त्यातला अदलाबदलीचा नियम आपल्या कामाचा: डावीकडे बाद शब्द, उजवीकडे ग्राह्य शब्द, आणि सोबत लेखकाला दिसणारा संदेश. सूचना, इशारा आणि त्रुटी अशा तीन पातळ्या उपलब्ध आहेत. मार्कडाउन या साध्या खुणांच्या लेखनपद्धतीतील कोडचे तुकडे हे साधन आपणहून वगळते, त्यामुळे गद्यातला ‘कॅश’ पकडला जातो आणि आज्ञेतला ‘--कॅश्ड’ सुटतो, जे आपल्याला हवेच आहे. नियम सुरुवातीला इशाऱ्याच्या पातळीवर ठेवावेत. जुन्या दस्तऐवजांवर पहिल्याच दिवशी शेकड्यांनी त्रुटी दाखवल्या की संघ तपासणीच बंद करून टाकतो. नव्या व बदललेल्या पानांपुरती त्रुटी आणि जुन्यांसाठी इशारा, हा मधला मार्ग टिकतो.

स्फिंक्स हे दस्तऐवज बांधण्याचे साधन वापरणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. त्यात संज्ञासूची हा दस्तऐवजाचाच एक भाग असतो आणि मजकुरातून ‘टर्म’ या खुणेने तिच्याकडे दुवा देता येतो. सूचीत नसलेला शब्द त्या खुणेत टाकला की बांधणीच्या वेळी इशारा मिळतो, आणि इशाऱ्यांना त्रुटी मानण्याचा पर्याय दिला की बांधणी थांबतेच. उत्पादनाची नावे तर हाताने टाइप करूच नयेत. ॲस्कीडॉक या लेखनपद्धतीत गुणधर्म आणि स्फिंक्समध्ये प्रतिस्थापन वापरून नाव एका जागी ठेवावे, म्हणजे व्यवस्थापनाने नाव बदलले तरी एकच ओळ बदलावी लागते.

यंत्राला जे जमत नाही ते म्हणजे एका शब्दाखालच्या दोन वस्तू ओळखणे. त्यासाठी आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी एकदा, सूचीतल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संज्ञांचे सगळे उल्लेख काढून ते एकाखाली एक वाचावेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

नाव बदलायची वेळ आली तर

मायएसक्यूएल या डेटाबेसने प्रतिकृतीकरणातील (एका सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्यावर उतरवत राहण्यातील) ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ ही नावे टाकून ‘सोर्स’ आणि ‘रेप्लिका’ घेतली, तो प्रवास पाहण्यासारखा आहे. ८.०.२२ या आवृत्तीत ‘स्टार्ट रेप्लिका’ आणि ‘शो रेप्लिका स्टेटस’ आल्या, ८.०.२३ मध्ये ‘चेंज रेप्लिकेशन सोर्स टू’ आली, जुन्या आज्ञा इशारा देत चालू राहिल्या, आणि २०२४ च्या ८.४ मध्ये त्या काढल्या गेल्या. आज्ञांबरोबर निकालातील स्तंभांची नावेही बदलली, त्यामुळे ‘मास्टर होस्ट’ हा स्तंभ वाचणाऱ्या देखरेखीच्या स्क्रिप्टही बदलाव्या लागल्या. अशा काळात दस्तऐवज लिहिणाऱ्याने तीन गोष्टी सांभाळाव्यात. प्रत्येक आवृत्तीची मार्गदर्शिका त्या आवृत्तीत चालणाऱ्या नावांशी प्रामाणिक ठेवावी; सरसकट शोधा-आणि-बदला करून जुन्या आवृत्तीच्या पानांवर न चालणाऱ्या आज्ञा आणू नयेत. जुन्या-नव्या नावांचा एक तक्ता द्यावा. आणि जुने नाव शोधात सापडेल अशी व्यवस्था ठेवावी, कारण दहा वर्षे ‘स्लेव्ह’ म्हणणारा प्रशासक शोधपेटीत तोच शब्द टाकणार आहे.

मराठीत आणताना

मराठी स्थानिकीकरणात वरचे सगळे लागू होतेच, पण काही अडचणी खास आपल्या आहेत. पहिली वर्णांची. ‘ॲप’ हा शब्द ‘ॲ’ या एका वर्णाने लिहिता येतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅप’ असाही. ‘ॲ’साठी स्वतंत्र संकेतांक युनिकोडमध्ये (अक्षरांच्या संकेतांकांच्या जागतिक मानकात) २००८ साली ५.१ या आवृत्तीत आला, त्याआधीचा मजकूर दुसऱ्या रीतीचा आहे, आणि युनिकोडचे सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांना एक करण्याची रीत) या दोहोंना एक करत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधाला मात्र वेगळे. ‘दुसऱ्या’तल्या अर्ध्या र-चीही तीच कथा आहे: तो नुक्त्याच्या ‘ऱ’पासून बनतो किंवा ‘र’नंतर अदृश्य जोडवर्ण घालून. शब्द जुळवण्याआधी संपूर्ण मजकूर एका रीतीत आणणारी छोटी स्क्रिप्ट चालवावी, नाहीतर बाकीची तपासणी फोल आहे.

दुसरी अडचण विभक्तीची. ‘शाखा’ हा बाद शब्द नियमात टाकला तरी ‘शाखेत’ आणि ‘शाखेला’ निसटतात, कारण सामान्यरूपात मूळच बदलते. म्हणून नियमात ‘शाखा’, ‘शाखे’ आणि ‘शाखां’ ही तिन्ही रूपे द्यावी लागतात. शब्दाची सीमा ओळखण्याचे नेहमीचे चिन्हही अनेक साधनांत फक्त रोमन अक्षरे धरून चालते, तेव्हा नियम खऱ्या मराठी वाक्यांवर चालवून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

तिसरी लिंगाची. उसन्या शब्दाचे लिंग ठरलेले नसेल तर एका पानावर ‘कमिट केला’, दुसऱ्यावर ‘कमिट केली’ आणि तिसऱ्यावर ‘कमिट केले’ असे होते. मराठी नोंदीत लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप या तीन रकान्यांशिवाय भागत नाही. ‘फाइल, स्त्रीलिंग, फाइली, फाइलीत’ एवढे लिहिले की ‘फाईल्समध्ये’ आणि ‘फायलींत’ दोन्ही मिटतात.

संज्ञांइतकीच काळजी क्रियापदांची घ्यावी. इंग्रजी मानकांत ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ यांचे अर्थ १९९७ च्या आरएफसी २११९ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजाने बांधून दिले आहेत. मराठीत ‘करावे’ हे रूप आज्ञा आणि सल्ला या दोन्हींसाठी येते, त्यामुळे तांत्रिक विनिर्देश भाषांतरित करताना बंधनकारकासाठी ‘करणे आवश्यक आहे’, शिफारशीसाठी ‘करावे’ आणि ऐच्छिकासाठी ‘करता येते’ असे ठरवून घ्यावे व ते सूचीत नोंदवावे. ‘डिलीट’ आणि ‘रिमूव्ह’ ही जोडीही अशीच आहे: पहिल्यात वस्तू नष्ट होते, दुसऱ्यात ती फक्त यादीतून जाते. मराठीत दोन्हींना ‘काढून टाका’ म्हटले की वाचकाला परिणाम कळत नाही. एकासाठी ‘हटवा’ आणि दुसऱ्यासाठी ‘यादीतून काढा’ असा भेद राखावा.

शब्द कुठून घ्यावेत, याबद्दल माझे मत सरळ आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि संगणकावर वारंवार येणाऱ्या शब्दांच्या फ्युएल प्रकल्पातील मराठी याद्या आधी पाहाव्यात, पण स्क्रीनवर ‘फाइल’ असेल तर मार्गदर्शिकेत ‘धारिका’ आणू नये.

साधनांपैकी ट्रान्सलेट टूलकिटमधील ‘पोकॉन्फ्लिक्ट्स’ हे एकाच इंग्रजी मजकुराची वेगवेगळी भाषांतरे शोधून देते. काही वेळा तो फरक योग्यही असतो: ‘ओपन’ हे बटण असेल तर ‘उघडा’ आणि स्थिती असेल तर ‘खुले’. अशा ठिकाणी पीओ फाइलीत (मूळ वाक्ये व त्यांची भाषांतरे जिथे असतात तीत) संदर्भ जोडून घ्यावा, म्हणजे तीच नोंद पुन्हा पुन्हा वर येणार नाही. वेबलेट या भाषांतराच्या वेब-साधनातील संज्ञासूचीत एखादे भाषांतर निषिद्ध म्हणून आणि एखादी संज्ञा अनुवाद न करण्याची म्हणून नोंदवता येते. सूची एका साधनातून दुसऱ्यात न्यायची असेल तर टीबीएक्स या मानक स्वरूपात ती बाहेर काढावी.

संज्ञा बदलली की भाषांतरस्मृतीही धुऊन घ्यावी. तिच्यात जुनी वाक्ये जुन्या शब्दांसह साठलेली असतात आणि पूर्ण जुळणारे वाक्य म्हणून ती भाषांतरकारापुढे आपोआप येतात. तो विश्वासाने ती स्वीकारतो आणि बाद झालेला शब्द नव्या आवृत्तीत परत शिरतो. त्यासाठी स्मृतीतील जुना शब्द असलेली वाक्ये वेगळी काढावीत, दुरुस्त करून परत भरावीत, आणि दुरुस्तीला वेळ नसेल तर त्या आवृत्तीपुरती ती वाक्ये स्मृतीतून वगळून ठेवावीत.